स्तोत्र १४५ (तेहिल्ला लदावीद, म्हणजेच 'अश्रे'): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कुठलं स्तोत्र? १५० मधून हेच का घेतलं?

हिब्रू बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात १५० स्तोत्रं आहेत, मराठी बायबलमध्ये या पुस्तकाला स्तोत्रसंहिता म्हणतात आणि हिब्रूत तेहिल्लिम, म्हणजे स्तुतिगीतं. आता गंमत बघा, अख्ख्या पुस्तकाचं नाव स्तुतिगीतं असलं तरी मथळ्यात 'तेहिल्ला' हा शब्द फक्त एकाच स्तोत्राला लावलाय, ते हे १४५वं. बाकीच्यांना मिझमोर, शीर, मस्कील अशी वेगवेगळी नावं आहेत. म्हणजे पुस्तक गोळा करणाऱ्यांनासुद्धा हे खास वाटलं असणार असं मला वाटतं.

शिवाय ज्यू माणूस रोजच्या प्रार्थनेत जितक्या वेळा हे म्हणतो तितक्या वेळा दुसरं कुठलंच पूर्ण स्तोत्र म्हणत नाही. ओळी फक्त २१, पाठ करायला सोपं. पण जितकं बघाल तितकं सापडत जातं, म्हणून हे.

थोडक्यात यात आहे काय?

सुरुवातीला एकटा माणूस बोलतो: मी तुझी थोरवी गाईन, रोज गाईन. मग एक पिढी दुसऱ्या पिढीला सांगायला लागते. मग देवाने निर्माण केलेलं सगळंच बोलायला लागतं. मध्यावर देवाच्या राज्याबद्दल तीन ओळी येतात आणि तिथून पुढे तो राजा करतो काय ते येतं: पडणाऱ्यांना सावरतो, वाकलेल्यांना उभं करतो, खायला देतो, हाक मारणाऱ्यांच्या जवळ असतो. शेवटच्या ओळीत परत 'मी' येतो पण आता एकटा नाही, 'माझं तोंड परमेश्वराची स्तुती बोलेल आणि सगळे देहधारी त्याच्या पवित्र नावाला धन्य म्हणतील.' एका माणसापासून सगळ्या जिवंत प्राण्यांपर्यंत, एवढा प्रवास २१ ओळीत.

दावीद राजाने लिहिलं का?

मथळा 'दावीदाचं' असं म्हणतो आणि परंपरा तसंच मानते. बरेचसे अभ्यासक मात्र हे खूप नंतरचं मानतात, आणि कारण भाषेचं आहे. राज्य या अर्थाने 'मल्खूत' हा शब्द यात चार वेळा येतो, तो जुन्या हिब्रूत क्वचित आणि उशिराच्या हिब्रूत, म्हणजे एस्तेर, दानिएल, इतिहास या पुस्तकांत भरपूर दिसतो. वाकलेल्यांना 'उभं करतो' यासाठी १४व्या ओळीत जे क्रियापद आहे ते अरामी भाषेतलं आहे, आणि अरामी ही तेव्हाच्या पर्शियन साम्राज्याच्या कारभाराची भाषा. दावीदाचा काळ साधारण इ.स.पू. १००० धरतात, मग त्याच्या तोंडी ही भाषा बसत नाही.

तरी मथळा फेकून देऊ नका असं मी सांगेन. पहिलीच ओळ आहे 'माझ्या देवा, हे राजा'. दावीद स्वतः राजा, आणि तो म्हणतोय की राजा मी नाही, तो. ज्याने कुणी हे दावीदाच्या नावावर लावलं त्याला हे ऐकू येत होतं.

मग तेव्हा परिस्थिती काय होती?

उशिराची तारीख धरली तर अशी. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने इ.स.पू. ५८७-५८६ च्या सुमारास यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोकांना बाबेलला नेलं, दावीदाच्या घराण्याची गादी संपली. मग इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि लोकांना परत जाऊ दिलं, मंदिर पुन्हा बांधून झालं ते इ.स.पू. ५१५ च्या आसपास. पण स्वतःचा राजा काही परत आला नाही. यहूद नावाचा एक छोटासा प्रांत, वर पर्शियन राजाचा सुभेदार, कर भरायचा तो परक्या राजाला.

अशा लोकांनी बसून हे गाणं म्हटलं की 'तुझं राज्य हे सर्व युगांचं राज्य आहे, तुझी सत्ता पिढ्यान्‌पिढ्या आहे'. स्वतःकडे ना गादी ना सैन्य आणि समोर तेव्हाच्या जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून ११ ते १३ या ओळी वाचल्या की मग ती नुसती गोडगोड स्तुती वाटत नाही.

आणि अजून एक. जवळपास हीच ओळ दानिएलच्या पुस्तकात अरामी भाषेत येते आणि तिथे ती कुणाच्या तोंडी घातलीय तर नबुखद्नेस्सराच्या! ज्याने मंदिर जाळलं त्याच राजाला त्या कथेत म्हणायला लावलंय की राज्य माझं नाही, त्याचं आहे, आणि ते कायमचं आहे.

प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षराने सुरू होते म्हणतात, ते कसं?

हो, खरंय. पहिली ओळ आलेफने, दुसरी बेथने, तिसरी गिमेलने, अशी क्रमाने शेवटच्या ताव अक्षरापर्यंत. मराठीत कुणी अ पासून ज्ञ पर्यंत एकेका अक्षराने ओवी रचावी तसं. स्तोत्रांमध्ये हा प्रकार २५, ३४, ३७, १११, ११२, ११९ इथेही आहे, ९ आणि १० मिळूनही अर्धवट आहे, आणि विलापगीतांच्या पहिल्या चार अध्यायांतही आहे. म्हणजे रडण्यालाही अक्षरांची चौकट आणि स्तुतीलाही.

का करायचे याची दोन कारणं नेहमी सांगतात, एक म्हणजे पाठांतर सोपं जातं आणि दुसरं म्हणजे स्तुती पूर्ण झाली, भाषेतलं एकही अक्षर मागे ठेवलं नाही. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं कारण तिसऱ्याच ओळीत कवी कबूल करतो की 'त्याच्या मोठेपणाचा थांग लागत नाही'. थांग लागत नाही हे माहीत असून तो हातात असलेली सगळी अक्षरं वापरतो.

यातच एक बारीक काम आहे. राज्याबद्दलच्या ज्या तीन ओळी मध्यावर आहेत त्या काफ, लामेद, मेम या अक्षरांच्या. उलटीकडून वाचा, मेम, लामेद, काफ, आणि हिब्रूत 'मेलेख' तयार होतो, म्हणजे राजा. बरोबर राज्याच्याच ओळींवर. मुद्दाम केलंय की आपोआप जमलंय यावर वाद घालता येईल पण इतका कुशल कवी आणि त्याच्या लक्षात आलं नसेल हे मला पटत नाही.

हिब्रू अक्षरं २२ आणि ओळी २१, मग एक अक्षर कुठे गेलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यायलाच पाहिजे. 'नून' अक्षराची ओळ नाही. मेमची १३वी ओळ आणि थेट सामेखची १४वी. इ.स. १००८ चं लेनिनग्राड हस्तलिखित, ज्याच्यावरून आजचे हिब्रू बायबल छापतात, त्यातही ती नाही आणि ज्यू प्रार्थनापुस्तकातही नाही.

हे काल-परवा कुणाच्या लक्षात आलेलं नाही बरं का. तालमूद, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, त्यातल्या बराखोत या भागात रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानान हाच प्रश्न घेतात आणि उत्तर देतात की नून अक्षराने आमोस संदेष्ट्याची एक भयंकर ओळ सुरू होते, 'पडली, पुन्हा उठणार नाही, इस्राएलची कुमारी'. म्हणून दावीदाने ते अक्षर गाळलं. त्यावर रब्बी नहमान बार यित्झाक म्हणतात, हो, पण लगेच पुढची ओळ बघा, 'पडणाऱ्या सगळ्यांना परमेश्वर सावरतो'. पडल्याची ओळ लिहिली नाही पण सावरल्याची लिहिली. इतिहास म्हणून हे टिकेल न टिकेल, पण ज्यांचं मंदिर दुसऱ्यांदा पडलं होतं, यावेळी रोमनांच्या हातून इ.स. ७० मध्ये, त्या लोकांचे गुरू एका गायब अक्षराकडे बघून हे बोलतायत, हे विसरून ते वाचता येत नाही.

पण माझ्या बायबलमध्ये तर ती ओळ आहे!

असू शकते. ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुआजिंट, त्यात ती ओळ आहे आणि सिरियाक भाषांतरातही आहे. 'परमेश्वर आपल्या सगळ्या वचनांत विश्वासू आणि आपल्या सगळ्या कामांत दयाळू आहे' अशी काहीशी. बऱ्याच आधुनिक ख्रिस्ती भाषांतरांत ती १३व्या ओळीच्या शेवटी जोडलेली असते, कधी कंसात कधी तळटीप देऊन. तुमच्या हातातल्या प्रतीत १३वी ओळ दुप्पट लांब दिसली तर समजून जा.

मग १९५६ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानला ११ नंबरची गुहा बेदुइन लोकांना सापडली. तिथे स्तोत्रांची एक मोठी चामड्याची गुंडाळी मिळाली, १९६१ मध्ये ती उलगडली आणि १९६५ मध्ये जेम्स सँडर्स यांनी प्रसिद्ध केली. लिपीवरून ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली मानतात. तिच्यात स्तोत्र १४५ आहे, आणि नूनची ओळ हिब्रूत आहे!

मग वाद मिटला ना?

नाही मिटला. एक बाजू म्हणते, बघा, मूळ ओळ सापडली, नक्कल करताना कुणाच्या तरी नजरेतून सुटली होती. दुसरी बाजू म्हणते, थांबा, त्या ओळीचा दुसरा अर्धा भाग पुढच्या १७व्या ओळीतून शब्दशः उचललाय. आणि स्तोत्रात इतर ठिकाणी देवाचं चार अक्षरी नाव येतं, मराठीत ज्याला 'परमेश्वर' म्हणतात ते, तर गुंडाळीतल्या नूनच्या ओळीत एकदम 'एलोहीम', म्हणजे नुसतं 'देव', आहे. म्हणजे कुणाला तरी ती खाच बघवली नाही आणि त्याने ती भरली. शिवाय २५ आणि ३४ या स्तोत्रांतही अक्षरं गायब आहेत, तेव्हा चौकट थोडी मोडणं हे त्या कवींना वर्ज्य नव्हतं.

मी स्वतः दुसऱ्या बाजूला आहे. १७व्या ओळीची पुनरुक्ती मला खटकते, इतका काटेकोर कवी तीनचार ओळींच्या अंतरात तेच शब्द परत वापरेल असं वाटत नाही. पण पहिली बाजू मानणारे मोठमोठे अभ्यासक आहेत, त्यांना हलक्यात घेऊ नका.

त्या गुंडाळीतली दुसरी गोष्ट मात्र वादाची नाही आणि मला तीच जास्त आवडते. प्रत्येक ओळीनंतर एक धृपद लिहिलंय, 'परमेश्वर धन्य, त्याचं नाव सदासर्वकाळ धन्य'. म्हणजे एकजण ओळ म्हणणार आणि बाकीचे धृपद देणार. दोन हजार वर्षांपूर्वी हे समूहाने म्हणत होते याचा असा लेखी पुरावा हातात आहे. स्तोत्र १३६ मध्ये असं धृपद मूळातच आहे, इथे ते म्हणणाऱ्यांनी जोडलेलं दिसतं.

८व्या ओळीत जे वर्णन आहे, कृपाळू, दयाळू, रागाला मंद, ते अजून कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं

बरोबर वाटतं. ते बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायातून येतं. लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजलं, मोशेने दगडी पाट्या फोडल्या, आणि दुसऱ्या पाट्या घ्यायला तो डोंगरावर गेला तेव्हा देव त्याच्यासमोरून जाताना स्वतःचं हे वर्णन करतो. म्हणजे ती ओळ जन्मली ती माफीच्या प्रसंगात, लोकांनी सगळ्यात मोठा विश्वासघात केल्यानंतर. मग ती योएल, नहेम्या, इतर स्तोत्रं अशी बायबलभर फिरत राहिली.

योनाच्या पुस्तकात तर ती तक्रार म्हणून येते. निनवे हे शत्रूचं शहर, देवाने त्यांना माफ केलं म्हणून योना चिडतो आणि म्हणतो, मला माहीतच होतं तू कृपाळू आणि दयाळू आहेस, म्हणून तर मी पळून गेलो होतो! एकच ओळ, योना ती रागाने म्हणतो आणि स्तोत्र १४५ चा कवी आनंदाने म्हणतो, आणि लगेच पुढची ओळ जोडतो की 'परमेश्वर सगळ्यांना चांगला आहे'. सगळ्यांना, म्हणजे त्यात निनवे पण आलं.

या स्तोत्राचा गाभा एका वाक्यात सांगता येईल का?

मी हे सांगेन: यातला राजा जेवायला घालतो. तेव्हाच्या राजांचे शिलालेख काढून बघा, कुणाला हरवलं, किती शहरं पाडली, किती खंडणी आणली. इथे सामर्थ्याचे शब्द पहिल्या अर्ध्यात भरपूर आहेत, पराक्रम, भयचकित करणारी कामं वगैरे, पण एकाही लढाईचं नाव नाही. सामर्थ्य म्हणजे काय ते उघडून दाखवायची वेळ येते तेव्हा कवी म्हणतो, 'सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे लागलेले, आणि तू त्यांना वेळच्या वेळी अन्न देतोस. तू आपला हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाला तृप्त करतोस.'

आणि 'सगळे' हा शब्द, हिब्रूत 'कोल', तो या २१ ओळीत १७ वेळा येतो, मी उगाच सांगत नाही, कुणीही बोट ठेवून मोजू शकतं. उलट इस्राएल हे नाव एकदाही नाही. सियोन नाही, यरुशलेम नाही, मंदिर नाही. एवढंसं हरलेलं राष्ट्र, स्वतःचं नाव गाण्यात घालायची केवढी गरज असेल त्यांना, आणि कवी ते घालत नाही. माझ्या मते या स्तोत्राची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

मग २०व्या ओळीत दुष्टांचा नाश करतो असं का? सगळ्यांना चांगला आहे ना?

हा प्रश्न टाळू नये. ओळ आहे, 'परमेश्वर त्याच्यावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांचं रक्षण करतो आणि सगळ्या दुष्टांचा नाश करतो'. काही ठिकाणी गाताना ही ओळ सोडून देतात, मला ते बरोबर वाटत नाही.

एक तर हिब्रू कवितेत राजाचं काम दोन्ही असतं, अन्न देणं आणि न्याय करणं, आणि जो वाकलेल्याला उभं करतो त्याला वाकवणाऱ्याचा हात कुठेतरी अडवावाच लागतो. ज्यांच्या मानेवर परक्यांचं जू होतं त्यांना ही ओळ कशी ऐकू आली असेल याचा विचार करा. दुसरं म्हणजे दुष्ट कोण हे कवी सांगत नाही, कुठल्या जमातीचं नाव घेत नाही, आणि मारायचं काम माणसांकडे देत नाही. तरीही ही ओळ टोचते, आणि टोचू द्यावी असं मला वाटतं.

ज्यू लोक हे दिवसातून तीन वेळा का म्हणतात?

तालमूदमध्ये, परत त्याच बराखोतमध्ये, असं वचन आहे की जो हे स्तोत्र रोज तीन वेळा म्हणतो तो येणाऱ्या जगाचा वाटेकरी आहे हे नक्की. लगेच चर्चा सुरू, हेच का? अक्षरक्रम आहे म्हणून? मग ११९ घ्या, त्यात प्रत्येक अक्षराच्या आठ आठ ओळी आहेत. हात उघडून खायला देतो ही ओळ आहे म्हणून? मग १३६ घ्या, त्यातही सर्व जीवांना अन्न देतो असं आहे. उत्तर मिळतं, यात दोन्ही आहे म्हणून.

आज सकाळच्या प्रार्थनेत दोनदा आणि दुपारच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला एकदा म्हणतात. आधी दोन सुट्या ओळी जोडतात, एक स्तोत्र ८४ मधली आणि एक १४४ मधली, दोन्ही 'अश्रे' या शब्दाने सुरू होतात म्हणून सगळ्यालाच अश्रे नाव पडलं. शेवटी ११५ मधली शेवटची ओळ.

१६वी ओळ, हात उघडतोस ती, मन लावूनच म्हणायची असा नियम शुल्हान अरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात आहे, लक्ष नसताना म्हटली गेली तर परत म्हणायची. त्या ओळीला बरेच सेफार्दी ज्यू (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या परंपरेतले) तळहात वर करून उघडतात, आणि सकाळी तेफिलिन, म्हणजे शास्त्रवचनं घातलेल्या चामड्याच्या डब्या, हाताला आणि कपाळाला बांधलेल्या असल्या तर त्यांना हात लावायची पद्धत आहे.

ख्रिस्ती लोकांत याचं काय स्थान?

मोठं आहे. १५ आणि १६ या ओळी जेवणाआधीची प्रार्थना म्हणून मठांमध्ये शतकानुशतकं म्हटल्या गेल्या आणि मार्टिन लूथर यांनी १५२९ च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत घरच्या जेवणासाठी त्याच दिल्या. संत ऑगस्टीन यांचं 'कन्फेशन्स' हे आत्मकथन सुरू होतं तेच या स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीने, तू मोठा आहेस प्रभू आणि फार स्तुतीयोग्य.

महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे ना, आणि जवळचा. कोकणातले बेने इस्राएल, आपल्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणायचे कारण ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, ते मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे हिब्रू प्रार्थनेतलं 'शमा', म्हणजे देव एकच आहे असं सांगणारं वचन, एवढंच उरलं होतं, बाकी प्रार्थना नंतर कोचीनकडच्या आणि इतर ज्यू शिक्षकांकडून परत शिकले. १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) उभं राहिलं, शआर हाराहमीम, म्हणजे दयेचं दार, बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर. आज मुंबई, ठाणे, अलिबागला आणि तिकडे इस्राएलमध्ये अश्दोद, दिमोना, लोदला जी मराठी घरं आहेत त्यांच्या प्रार्थनेत अश्रे आहेच.

दुसरा धागा पंडिता रमाबाईंचा. त्या मुळातून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, गावातल्या बाईला कळेल असं. १९२२ मध्ये त्या गेल्या त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. ज्या स्तोत्रात एक पिढी दुसऱ्या पिढीला सांगते ते मराठीत असं पोचलंय.

यात हालेलूया का नाही? स्तुतीचं स्तोत्र ना?

हालेलूया, म्हणजे 'परमेश्वराची स्तुती करा', ते पुढे आहे. १४६ ते १५० ही पाचही स्तोत्रं हालेलूयाने सुरू होतात आणि हालेलूयाने संपतात. १४५ हे त्यांचं दार आहे असं समजा. याच्या शेवटच्या ओळीत सगळे देहधारी धन्य म्हणतील असं वचन आहे, आणि १५० च्या शेवटच्या ओळीत प्रत्येक श्वास घेणाऱ्याला सांगितलंय की कर स्तुती.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पुस्तकात हे १४४ नंबरला का सापडतं?

ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९ आणि १० मिळून एक स्तोत्र धरतात म्हणून तिथून पुढे बहुतेक नंबर एकाने मागे पडतात. स्तोत्र तेच. आता बऱ्याच कॅथलिक भाषांतरांत हिब्रू नंबरच वापरतात.

हिब्रू येत नाही, कुठून सुरुवात करू?

आधी १४, १५, १६ या तीन ओळी मराठीत मोठ्याने वाचा. मग निर्गम ३४ आणि योनाचा चौथा अध्याय वाचा, दोन्ही लहान आहेत, आणि त्यानंतर पूर्ण १४५ एका बैठकीत. जमलं तर कुणाला तरी सोबत घ्या, एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने कुमरानच्या गुंडाळीतलं धृपद द्यायचं. हिब्रू अक्षरं शिकायची इच्छा झालीच तर याच स्तोत्राने शिका, ओळीच्या पहिल्या अक्षरांवरून बोट फिरवत गेलात की आलेफ ते ताव क्रमाने मिळतात, फक्त नून वेगळं शिकावं लागेल.